माहेरच्या नावाचे चेक

मला दोन नावं आहेत आणि ती दोन्ही मी इथं लिहिणार नाही. एक लिहिलं की दुसरं रुसून बसतं, हा माझा आजवरचा अनुभव आहे. एक नाव अणदूरचं, माहेरचं. दुसरं कळंबचं, लग्नात मिळालेलं. गेली तीसेक वर्षं सगळं जग मला या दुसऱ्याच नावानं ओळखतं. भाऊ धाकटा, तो आक्का म्हणतो. मैत्रिणींनाही त्यांच्या त्यांच्या सासरी नवी नावं मिळाली आणि त्या कुठं कुठं पांगल्या. पहिल्या नावानं हाक मारणारं माणूस एकच उरलं होतं, माझे वडील. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. अण्णा या फाल्गुनात गेले.

परवा पासबुक भरायला कळंबच्या बँकेत गेले होते. आत शिरलं की डाव्या हाताला भिंतीला चेक टाकायची लोखंडी पेटी असायची. शेजारी सुतळीनं बांधलेला पेन, तो कधीच उमटायचा नाही. परवा बघते तर पेटीच्या जागी पाण्याचा जार. काउंटरवरच्या मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "काकू, चेक कोण टाकतंय आता? आलाच एखादा तर इथंच घेतो आम्ही." तिचं काहीच चुकलं नव्हतं. पण मला उभ्या उभ्या रडू फुटलं. शिपायानं त्याच जारातलं पाणी आणून दिलं. लोखंडी पेटीसाठी रडणारी बाई त्यानं पहिल्यांदाच बघितली असेल.

अण्णा शाळेत गुरुजी होते. आमच्या गल्लीत पहिलं चेकबुक त्यांचं. त्याचा त्यांना इतका अभिमान, की विजेचं बिल तर सोडाच, किराणासुद्धा ते चेकनं भरायला बघायचे. बँक तेव्हा नळदुर्गला. वाणी हात जोडायचा. "गुरुजी, अहो साबण-चहापत्तीला चेक देता व्हय? ह्यो वटवायला जाऊन येईपर्यंत साबणाइतकं एसटीचं भाडं होतंय." अण्णांना ते पटायचं, पण आवडायचं नाही. त्यांचं म्हणणं असं, की नोट कुणाचीही असते. आज माझी, उद्या दारुड्याची, परवा सावकाराची. तिला कुणाची ओळख नाही. चेक मात्र कुणी दिला आणि कुणाला दिला, हे सांगत जातो.

चेक लिहायचा म्हणजे त्यांचा एक सोहळाच असायचा. पत्र्याची ट्रंक पुढं ओढायची, तिच्यावर वर्तमानपत्राची घडी, घडीवर चेकबुक. सगळा मजकूर मराठीत. अक्षरी रुपये लिहिताना ते मोठ्यानं उच्चारायचे, वर्गात शुद्धलेखन घालावं तसं. शेवटी डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा. अशा रेघा मारल्या की चेकचे रोख पैसे मिळत नाहीत, ज्याचं नाव लिहिलं त्याच्या खात्यातच जमा होतात. अण्णा म्हणायचे, "कुंपण घातलं. आता ह्याच्यात दुसऱ्याचं ढोर शिरणार न्हाय."

त्यांना कुंपणाची फार आवड. लेकीच्या नावालाही कुंपण घालता येतं, असं त्यांना वाटलं असावं.

शाळा सुटली की अण्णा गल्लीच्या तोंडाशीच माझ्या नावानं हाक मारायचे. मी माळवदावर असो, चुलीपाशी असो, न्हाणीत असो, तिथून मी 'ओ' द्यायची. ओ ऐकू आल्याशिवाय ते उंबरा ओलांडत नसत. आई चिडायची. "ती काय पळून जायलीय व्हय? घरातच हाय." पण अण्णा दारात पिशवी धरून उभे. मग मी आणखी मोठ्यानं ओरडायची आणि शेजारच्या म्हशी कान हलवायच्या.

लग्न कळंबला झालं. सासरी धान्याची आडत, घर मोठं, माणसं मोकळ्या मनाची. मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण नाव मात्र त्यांनी मला ठेवलं. माझ्या थोरल्या जावेचं आणि माझं नाव एकच निघालं. सासूबाईंनी बिनतोड मुद्दा काढला. "एका घरात दोघी एकाच नावाच्या? एक हाक मारली की दोघीबी ओ देतील, अन् काम एकीचंबी व्हायचं न्हाय." मग ताम्हणात तांदूळ पसरले, आमच्या मालकांनी अंगठीनं त्यात एक नाव लिहिलं, ते मी वाचलं, आणि झालं. मला कुणी विचारलं नाही. तेव्हा कुणाला विचारत होतं? त्या तांदळांचा दुसऱ्या दिवशी भात झाला, तो मीही खाल्ला.

पहिले काही महिने मोठी गंमत उडाली. स्वयंपाकघरातून सासूबाई नव्या नावानं हाका मारायच्या आणि मी आपली समोर निवांत लसूण सोलत बसलेली. ते नाव माझं आहे हे कानांना पटतच नव्हतं. आणि जुन्या नावाची हाक आली की मी ताडकन उठायची, तर ती हाक जावेला असायची. सासूबाईंनी शेजारणीला सांगितलंसुद्धा, "सून गुणाची हाय, पर बहिरी पदरात पडली."

अण्णांना हे कळलं मांडवपरतणीला. मी पहिल्यांदा माहेरी आले, सोबत माझी लहान नणंद. अण्णा शाळेतून येताना नेहमीसारखे गल्लीच्या तोंडाशी थांबले. हाक मारली. मी माजघरातून ओ दिली. नवी नवरी इतकी मोठ्यानं ओरडते म्हणून आई तोंडाला पदर लावून हसली. अण्णा आत आले, हातपाय धुवायला तांब्या उचलला, तेवढ्यात नणंदेनं मला नव्या नावानं हाक मारली, "वहिनी" लावून.

अण्णांनी विचारलं, "ही कुणाला हाक मारायली?"

आई म्हणाली, "तुमच्या लेकीला. तिकडं नाव बदललंय."

अण्णांनी तांब्या खाली ठेवला. हातपाय न धुताच ते परत बाहेर ओट्यावर जाऊन बसले. नणंद लहान, पाहुणी, तिच्यासमोर काही बोलायची सोय नव्हती. दिवे लागायच्या वेळी आत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, की लग्नात माझं काहीतरी गेलं आहे. तोवर मला ती नुसती अडचण वाटत होती.

त्या दिवाळीला मी भाऊबीजेला अणदूरला आले. भाऊ तेव्हा शाळेत, त्यानं ओवाळणी म्हणून ताटात आईनं दिलेली नोट टाकली. अण्णांनी पाकीट दिलं. पाकिटाला हळदीकुंकवाचं बोट. आत चेक. पाचशे एक रुपये, अक्षरी, 'फक्त' सुद्धा लिहिलेलं, दोन तिरप्या रेघा, खाली त्यांची सही. सहीतलं शेवटचं अक्षर ते वळवून खाली घ्यायचे, बैलाच्या शेपटीसारखं. आणि वर माझं नाव. माहेरचं. आडनावासकट माहेरचं.

कळंबच्या बँकेत माझं खातं नव्या नावाचं. काउंटरवरच्या माणसानं चेक उलटसुलट करून बघितला. "हे कोण?"

"मीच."

"खात्यावर तर दुसरं नाव आहे."

"तेही मीच."

तो हसला. म्हणाला, "ताई, बँकेला एका वेळी एकच माणूस चालतो. वडिलांना दुसरा चेक द्यायला सांगा."

पुढच्या फेरीला मी अण्णांना सांगितलं. ते ट्रंकेवर वर्तमानपत्र पसरून बसले होते. मला वाटलं, दुसरा लिहून देतील. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "म्या माझ्या हातानं दुसऱ्याच बाईच्या नावानं चेक लिहू व्हय? मला लेक एकच हाय. तिचं नाव म्या ठेवलंय."

"पण मग वटणार नाही अण्णा."

"न वटू दे. पैसा कुठं जायलाय? खात्यात हाय."

दरवर्षी भाऊबीजेला पाकीट येत राहिलं. दरवर्षी तेच नाव, तीच शेपटीची सही, रक्कम थोडी थोडी वाढत गेलेली, वर एक रुपया. त्यांना ठाऊक होतं की तो वटणार नाही. मलाही ठाऊक होतं. एक शब्द न बोलता आम्ही दोघांनी ते मान्य केलं होतं. तो चेक म्हणजे वर्षातून एकदा मारलेली हाक होती, आणि मी हात पुढं करून तो घ्यायची, ती माझी ओ.

आई व्यवहारी. तिला हा खेळ दिसत होता. मला एसटीत बसवायला ती फाट्यापर्यंत यायची. गाडी दिसली की कमरेची कापडी पिशवी सोडायची, घड्या घालून घालून सुपारीएवढी केलेली नोट काढायची आणि माझ्या मुठीत कोंबायची. वरून तिची मूठ. "हे घे. हे वटतंय." कंडक्टर घंटी वाजवायचा, तरी ती मूठ सोडायची नाही.

आईच्या नोटा मी खर्च केल्या. पोरांचे बूट, मुलीचं सहलीचं भाडं, एकदा माझ्यासाठी चप्पल. तुळजापूरला गाडी बदलेपर्यंत ती नोट मुठीतच असायची, घामानं ओली. मग ती उलगडायची आणि बाकीच्या पैशांत मिसळून जायची. अण्णा म्हणायचे ते खरंच होतं, नोटेला कुणाची ओळख नसते. आई जाऊन सात-आठ वर्षं झाली. तिनं दिलेल्यातली एकही नोट माझ्याकडं नाही, आणि त्याचं वाईट वाटत नाही, कारण ती देताना तिची मूठ माझ्या मुठीवर होती. ते मला अजून हाताला कळतं.

अण्णांचे चेक मात्र सगळे आहेत. बांगड्यांच्या डब्यात. मालक एकदा डबा उघडून बसले आणि म्हणाले, "ही रद्दी कशाला सांभाळायलीस? चेकला मुदत असते. हे सगळे मेलेले आहेत." मी म्हटलं, "असू द्या. तुमच्या तांदळातलं नाव एका दिवसात शिजलं. हे अजून वाचता येतं." ते हसले, डबा बंद केला, आणि पुन्हा कधी त्यांनी त्याला रद्दी म्हटलं नाही. सासरची माणसं मोकळ्या मनाची, हे मी आधीच सांगितलं आहे.

मग बघता बघता सगळं बदललं. आमच्या आडतीत आधी गल्ल्याशेजारी चेकबुकांची चळत असायची, ती कपाटात गेली, मग माळ्यावर. काउंटरवर चौकटीचौकटींचा कागद चिकटला आणि त्याच्याशेजारी बोलणारा डबा आला. कुणी पैसे टाकले की तो सगळ्या पेठेला ऐकू जाईल असं ओरडतो. माझ्या सासऱ्यांनी जन्मभर कुणाला किती दिले हे बायकोला सांगितलं नाही, आणि आता हा डबा बाजारात बोंबलतो. शेतकरी मात्र अजून म्हणतात, "मालक, तेवढं रोखच द्या." नोटा घेतात, थुंकी लावून मोजतात, बंडीच्या आतल्या खिशात ठेवतात आणि वरून हात फिरवतात. नोट आहे तोवर असे हात दिसतील. त्यांचीच पोरं मोटारसायकलवर बसून फोनवर पैसे घेतात आणि खिशाला हातही लावत नाहीत.

नवरात्रात परडी घेऊन एक बाई दारात आली, देवीचा जोगवा मागत. मी पीठमीठ घातलं, वर ठेवायला सुटे सापडेनात. तिनं गळ्यातल्या कवड्यांच्या माळेमागं लोंबणारं कार्ड उलटं केलं. तोच चौकटींचा कागद. "ह्याच्यावर टाक माय." मला हसू आलं, आणि मग माझ्याच फोनच्या पडद्यावर तिचं नाव उमटलेलं बघून हसू थांबलं. तिलाही कुणीतरी कधीतरी दुसरं नाव दिलं असेल का, असा विचार मनात आला. भाचरं निघाली की मी अजून त्यांच्या हातावर नोट ठेवते. परवा एक भाची म्हणाली, "आत्या, नंबरवरच टाक ना, माझ्याकडून हरवतील." मी टाकले. पोहोचले. पण तिची मूठ माझ्या हातात आली नाही.

आई गेल्यावर अण्णांचा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, कंपवात. आधी चहाची बशी वाजायची, मग वर्तमानपत्र फडफडायचं, मग सही बिघडली. त्यांनी विजेच्या बिलाला दिलेला चेक परत आला. सोबतच्या चिठ्ठीवर कारण होतं, सही जुळत नाही. अण्णा ती चिठ्ठी हातात घेऊन भावाला म्हणाले, "म्याच केली की रं. माझी सही माझ्याशी जुळत न्हाय म्हणजे?" भाऊ त्यांना बँकेत घेऊन गेला. तिथल्या साहेबानं आदरानं खुर्ची दिली, चहा मागवला, आणि सुचवलं की गुरुजी, अंगठ्याची सोय करून देतो. जन्मभर पोरांना अक्षर शिकवलेला माणूस. चहा तसाच ठेवून ते उठले. त्यानंतर बँकेत गेले नाहीत. व्यवहार भाऊ फोनवर बघू लागला. चेकबुकात एकच पान उरलं होतं. नवं मागवायचं कारण उरलं नाही.

तरी दोन दिवाळ्या पाकीट आलं. त्यात चेक नव्हता. कोऱ्या कागदावर, थरथरत्या अक्षरांत नुसतं माझं नाव, आणि कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा. मी ते कागदही डब्यात ठेवले.

गेल्या भाऊबीजेला मी गेले तेव्हा अण्णा वाळून गेले होते. ओसरीवर बाजेवर बसलेले. मला बघून त्यांनी हाक मारली, आवाज बाजेच्या पलीकडं जाईना. मी अगदी समोर उभी राहून ओ दिली. ओवाळून झालं. भाऊ जीवाचा चांगला. त्याला वाटलं, अण्णांच्या हातून आक्काला काहीतरी मिळावं. त्यानं अण्णांच्या खात्याचा फोन त्यांच्या मांडीवर ठेवला, माझा नंबर घातला, रक्कम घातली. "अण्णा, तुम्ही फक्त इथं बोट लावा. झालं. आक्काला पोचतेत."

अण्णांनी पडदा डोळ्यांजवळ नेला. तिथं पैसे कुणाला चालले आहेत त्याचं नाव येतं. ते त्यांनी वाचलं, अक्षर अक्षर लावून, पहिलीतल्या पोरासारखं.

"ही कोण?"

"आक्काच की अण्णा."

"न्हाय." त्यांनी बोट मागं घेतलं. "ही न्हाय. चुकीच्या माणसाला जातील."

भाऊ हसला, भावजय हसली, मीही हसले. अण्णा हसले नाहीत. त्यांनी आमच्या तिघांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघितलं. मग म्हणाले, "चेकबुक आणा."

ट्रंक पुढं ओढली. वर्तमानपत्राची घडी. शेवटचं पान. पेन त्यांच्या बोटांत ठरत नव्हता, मी कागद दोन्ही तळव्यांनी दाबून धरला. हात धरू का, असं विचारलं तर मान हलवली. नुसता कागद धर. पेन कागदाच्या वर हलत राहिला, टेकेना. मला वाटलं, दमले. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"बाई, खरं सांग. तिकडं तुला काय म्हणतेत?"

इतक्या वर्षांत त्यांनी ते नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. माझी मुलंसुद्धा आजोबांसमोर "आई" एवढंच म्हणायची.

"कशाला अण्णा? तुम्ही नेहमीचंच लिहा."

"नेहमीचं वटत न्हाय." ते म्हणाले. "आता म्या किती दिवसाचा? लेकीला बापाकडून जन्मात एक छदाम पोचला न्हाय, असं नगं व्हायला. ह्यो पोचला पाहिजे. सांग."

मला सांगायचं नव्हतं. पैसे नको होते, काही नको होतं, त्या कागदावर माझं नाव हवं होतं. पण ते शिक्षकाच्या नजरेनं बघत होते, आणि त्या नजरेसमोर मी आजही सातवीतली. मी नाव सांगितलं. त्यांनी एकेक अक्षर विचारून, वेलांटी कुठली ते विचारून, ते लिहिलं. अक्षरी रक्कम आता मोठ्यानं म्हणवत नव्हती, ओठ नुसते हलत होते. दोन रेघा मारल्या, त्या एकमेकींना छेदून गेल्या. मग सही. शेवटचं अक्षर खाली वळवताना पेन घसरला आणि शेपटी कागदाच्या काठावरून वर्तमानपत्रावर गेली. पूर्ण होईपर्यंत ऊन ओसरीवरून अंगणात उतरलं होतं. कपाळावर घाम. त्यांनी विचारलं, "आता वटंल ना?"

मी हो म्हटलं.

नाव बरोबर होतं. पण त्या सहीला बँक ओळखणार नाही, हे मला कागद धरला होता तेव्हाच कळत होतं. जन्मभर सही खरी होती आणि नाव चुकीचं होतं म्हणून चेक अडले. आता नाव बरोबर आलं तर सही गेली. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं, आणि ते कुणाला सांगून कमी होत नाही.

तरी मी तो चेक कळंबला भरला. काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं, "काकू, हा परत येईल." मी म्हटलं, येऊ दे, वडिलांना हो म्हटलं आहे. तो परत आला. चिठ्ठीवर तेच कारण. सही जुळत नाही. कुणाच्या सहीशी जुळवली त्यांनी? मी समोर बसले होते. ती त्यांचीच सही होती, त्यांनी केलेल्या सगळ्या सह्यांत सगळ्यात जास्त त्यांची.

भावाला कळवलं. मग त्यानं अण्णांच्या खात्यातून तेवढीच रक्कम माझ्या खात्यावर टाकली, वरच्या रुपयासकट. माझ्या खात्याला बोलणारा डबा नव्हता म्हणून कुणी ओरडलं नाही, नुसता माझा फोन थरथरला. "आता अण्णांना सांग," तो म्हणाला, "पैसे पोचले म्हण. ते तर खोटं न्हाय." मग त्यानं फोन अण्णांच्या कानाला लावला.

मी म्हटलं, "अण्णा, मिळाले. तुमचे पैसे माझ्या खात्यात जमा झाले."

पलीकडं त्यांचा श्वास ऐकू येत होता. "वटला?"

"व्हय अण्णा."

"म्हणजे बँकेनं ओळखलं तुला."

"व्हय."

"बरं झालं." त्यांचा आवाज मोकळा झाला, कितीतरी महिन्यांत ऐकला नव्हता इतका. "माझंच चुकत हुतं. उगं तुला इतकी वर्षं अडकून ठेवलं."

मी नको नको म्हणत होते, पण त्यांच्या कानाला ऐकू कमी येत होतं. त्यांनी घसा साफ केला. शाळा सुटल्यावर गल्लीच्या तोंडाशी करायचे तसा. आणि मग त्यांनी मला हाक मारली. सासरच्या नावानं. सावकाश, एकही अक्षर न चुकता, नुकतंच लिहायला शिकल्यासारखी. त्यानंतर फाल्गुनापर्यंत त्यांनी माझं दुसरं कुठलं नाव घेतलं नाही.

मी आडतीच्या मागच्या खोलीत उभी होते. बाहेर मालकांचा डबा कुणाचे तरी पैसे आल्याचं ओरडून सांगत होता. अण्णा पलीकडं थांबले होते. उत्तर आल्याशिवाय ते आत जायचे नाहीत, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं.

मी ओ दिली.